रणभूमी बघायला जाताय? स्मारकापाशी थांबू नका

गाडी, मुक्काम, पाणी, टोपी हे तुमचं तुम्ही बघालच. दिवसाला रणभूमी मात्र एकच ठरवा. एका दिवसात चार ठिकाणं उरकायचे बेत लोक हौसेनं सुचवतात. त्यात चार चौथरे आणि चार पाट्या बघून होतात, लढाई एकही कळत नाही.

निघण्याआधी त्या लढाईचा नकाशा छापून घ्या आणि त्यावर पेन्सिलनं तीन गोष्टी लिहा: कुणाचं तोंड कुठल्या दिशेला होतं, पाणी कुठं होतं आणि कुणाची वाट अडली होती.

खरी अडचण पोचल्यावर येते. समोर नुसतं शेत, विजेचे खांब, एखादी विहीर. मलाही सुरुवातीला अशा ठिकाणी काही म्हणजे काही कळायचं नाही. स्मारक बहुधा लोकांना सहज जाता येईल अशा जागी असतं, लढाई आसपास मैलोन्‌मैल पसरलेली असते. तेव्हा स्मारकाला नमस्कार करा आणि आधी नदी शोधा.

जालना जिल्ह्यातलं असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीच्या पलीकडं उभी होती. वाटाडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला सांगत होते, इथं नदीला उतार, म्हणजे चालत पार करता येईल अशी उथळ जागा, नाही. त्याला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं अशी वसली आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, हे त्यानं ताडलं आणि फौज पार केली. तुम्हीही काठावरून ती गावं बघा, मग केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उभे राहा. जागा किती चिंचोळी आहे ते दिसलं, की मोठ्या फौजेला त्याला बाजूनं घेरता का आलं नाही, हे आपोआप उमगतं. जायचं ते पावसाळा सरता सरता, लढाईच्याच महिन्यात. उन्हाळ्यात कुणी "आता रस्ते कोरडे आहेत, जाऊन या" म्हटलं तर ऐकू नका. नदीत पाणी नसेल तर उताराचं मोल कळणार कसं? शेतात शिरताना मालकाला विचारा आणि बांधावरूनच चाला.

पानिपतला काला आंबच्या स्मारकापाशी उत्तरेकडं पाठ करून उभे राहा. समोर दिल्लीची वाट. अब्दाली बागपतला यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला होता. रसद तुटली, माणसं उपाशी राहिली. १४ जानेवारी १७६१ ला मराठे दक्षिणेकडं निघाले ते ही अडवलेली वाट मोकळी करायला. जानेवारीतच जा. दुपारी ऊन समोरून डोळ्यांवर येतं, ते सोसत थोडा वेळ उभे राहा. फक्त यमुना आज जिथं आहे तिथंच तेव्हा होती असं धरू नका, तिनं पात्र बदललं आहे.

हरलेल्या बाजूनं उभं राहिल्याशिवाय कुठलीही रणभूमी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. जिंकणाऱ्याच्या जागेवरून सगळं सोपं वाटतं.

द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकावर एवढी शोधाशोध लागत नाही. जून १९९९ मध्ये जिंकलेलं तोलोलिंग शिखर तिथं मागंच उभं आहे. नावं सावकाश वाचा, मग मान वर करून तो उघडा चढ बघा. श्रीनगरकडून येणार असाल तर वाटेतली झोजिला खिंड उघडी असल्याची खात्री करूनच निघा, बर्फ पडला की ती बंद होते.