स्क्रू घट्टच होत नव्हता, गिट्टी भिंतीत गोल गोल फिरायची: माझा अनुभव

हॉलमधली जड फ्रेम आठवड्याभरात खाली झुकायची, स्क्रू पिळला की आतली गिट्टीपण (स्क्रू पकडायला भोकात बसवतात तो प्लास्टिकचा प्लग) सोबत फिरते आणि भोकातून भुगा पडतो. काडेपेटीच्या काड्या खुपसल्या, दोन दिवस टिकलं. व्हाइट सिमेंट भरून त्याच दिवशी फ्रेम लावली, मग गिट्टी सिमेंटसकट बाहेर. वैताग आला अगदी.

शेवटी पकडीने गिट्टी उपटून भोकात खिळा घालून खोली मोजली तर जेमतेम २५ मिमी, म्हणजे अर्ध्याहून जास्त गिट्टी नुसत्या प्लास्टरमध्ये, विटेत जवळजवळ नाहीच!

मग ८ मिमीचं मेसनरी बिट (विटेत-सिमेंटमध्ये भोक पाडायचं ड्रिलचं टोक) घेतलं, टोकापासून ५५ मिमीवर टेप गुंडाळली आणि हॅमर मोडवर (ड्रिल फिरता फिरता ठोकेही देतं) टेपपर्यंत ड्रिल केलं (भोक स्विचच्या सरळ वर-खाली नाही ना ते आधी बघा, वायर असते). नंतर ब्रशने आतला भुगा पूर्ण काढला, हे मी आधी कधीच करत नव्हतो. ८ मिमी जाड, ४० मिमी लांब गिट्टी ठोकून प्लास्टरच्या थोडी आत बसवली, ५ मिमी जाडीचा ६० मिमी लांब स्क्रू हाताने पिळला. शेवटचे दोन-तीन फेरे चांगलेच जड गेले, तेव्हाच कळलं पकडलंय. फ्रेम अजून जागची हललेली नाही.