एक्सएमएल आणि टेबल एकाच क्वेरीत कसं जोडायचं

समजा ऑर्डरचं टेबल आहे, त्यात ग्राहक, तारीख असे साधे कॉलम आणि एक एक्सएमएल कॉलम, ज्यात त्या ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तू टॅगमध्ये लिहिलेल्या. बरेच जण हा एक्सएमएल प्रोग्राममध्ये ओढून आणतात आणि लूप लावून फोडत बसतात. त्याची गरजच नाही, एसक्यूएल स्टँडर्डमध्ये २००६ पासून एक्सएमएलटेबल आहे, म्हणजे एक्सएमएलच्या ओळी आणि कॉलम करून देणारं फंक्शन, ओरॅकल आणि डीबी२ मध्ये मिळतं, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी हेच काम नोड्स आणि क्रॉस अप्लाय वापरून करायचं.

१. आधी ठरवा, एक ओळ म्हणजे काय. वस्तूगणिक ओळ हवी तर मुख्य पाथ (एक्सएमएलमधल्या टॅगपर्यंतचा रस्ता) /ऑर्डर/वस्तू. तो /ऑर्डर एवढाच दिलात आणि आत तीन वस्तू असल्या, तर एका खान्यात तीन किमती येतात आणि पोस्टग्रेस सरळ एरर देतं.

२. मग कॉलम सांगा: नाव, टाइप आणि पाथ. हा पाथ त्या ओळीपासून मोजायचा, म्हणजे नुसतं किंमत, आधी स्लॅश नाही. अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहिलेली माहिती) असेल तर @कोड. एखादा टॅग कधी कधी नसतोच, तिथे डीफॉल्ट देऊन ठेवा.

३. फ्रॉममध्ये ऑर्डर टेबल, त्यापुढे एक्सएमएलटेबल, आणि पासिंगमध्ये तो एक्सएमएल कॉलम. आता हे नेहमीच्या टेबलासारखंच वागतं, ग्राहक टेबलाशी जॉइन करा, ग्रुप बाय करा, काहीही. फक्त स्वल्पविरामाने जोडलंत तर ज्या ऑर्डरमध्ये वस्तूच नाही ती गुपचूप गळते आणि एकूण आकडा चुकतो, म्हणून लेफ्ट जॉइन, ऑन ट्रू (जिथे ट्रू चालत नाही तिथे १=१).

४. क्वेरी बरोबर दिसते, एरर नाही, तरी शून्य ओळी? नेमस्पेस बघा! मुळाच्या टॅगवर एक्सएमएलएनएस लिहिलेलं असेल, म्हणजे टॅग कोणत्या नावसंचातले ते सांगितलेलं असेल, तर साधा पाथ जुळतच नाही. एक्सएमएलनेमस्पेसेसमध्ये त्याला एखादं छोटं नाव द्या आणि पाथमधल्या प्रत्येक टॅगच्या आधी ते लावा. पोस्टग्रेसमध्ये तर डीफॉल्ट नेमस्पेस चालतच नाही, नाव द्यावंच लागतं.

५. वेगासाठी तारीख, ग्राहक वगैरे अटी साध्या कॉलमवर लावा, म्हणजे मोजकेच एक्सएमएल उघडावे लागतात. आणि आतल्या एखाद्या किमतीवर रोजच शोध होत असेल तर ती सरळ वेगळ्या कॉलममध्ये काढा आणि त्यावर इंडेक्स टाका.