एट्यूड बसवताना आणि ऐकवताना या चुका टाळा

एट्यूड ही एका ठरावीक अडचणीसाठी लिहिलेली रचना असते. सोर, कार्कासी, ज्युलियानी या जुन्या गिटार-रचनाकारांनी एट्यूड लिहिले ते शिकणाऱ्यांचा हात तयार व्हावा म्हणून. आपण क्लासिकल गिटारवाले जमतो आणि एकमेकांना एट्यूड ऐकवतो, तेव्हाही प्रश्न तोच असतो: ती अडचण सुटली का? आमच्या बैठकीत नवे लोक येत राहतात आणि त्याच त्या चुका करत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो आहे.

नुसता नंबर सांगणे

याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. पुण्यात आमची एक बैठक ठरली होती. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "या वेळी सगळ्यांनी ओपस ६०, सातवा बसवून या." (ओपस म्हणजे रचनाकाराच्या छापील संचाचा क्रमांक.) सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. बैठकीच्या दिवशी पहिल्या काकांनी कार्कासीचा सातवा सुरू केला: ए मायनर, अंगठ्याच्या खर्जामागून एकाच तारेवर लागोपाठ तीन बोटं, चांगलाच दमवणारा. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीचा चेहरा पडला. तिने महिनाभर सोरचा सातवा घासला होता. ओपस ६० दोघांचाही आहे आणि दोघांच्याही ओपस ६० मध्ये २५ रचना आहेत! सोरचा संच अगदी नवशिक्यापासून सुरू होतो, पहिल्या धड्यात एका वेळी एकच स्वर. कार्कासीचा संच त्याच्या बराच पुढचा. ती म्हणाली, "काका, मग मी वाजवू का नको?" तिने वाजवला आणि छान वाजवला, पण ज्यासाठी जमलो होतो ते, म्हणजे एकाच अडचणीवर सगळ्यांनी बोलणं, त्या दिवशी झालंच नाही.

सोरच्या बाबतीत गोंधळ आणखी आहे. सेगोव्हिया या नामवंत स्पॅनिश गिटारवादकाने १९४५ साली सोरच्या २० एट्यूडची निवड छापली आणि त्यांना स्वतःचे क्रमांक दिले. त्यामुळे कुणी "सोरचा पाचवा" म्हणालं, तर बहुधा त्याला बी मायनरमधला ओपस ३५, क्रमांक २२ म्हणायचं असतं. "सहावा" म्हणजे ओपस ३५, क्रमांक १७. ओपस २९ चे क्रमांक ओपस ६ च्या पुढे चालू राहतात, म्हणून कुठे पहिला म्हणून छापलेला तोच दुसरीकडे तेरावा. हे माहीत नसणं हा गुन्हा नाही, पण माहीत करून न घेता ग्रुपवर नंबर फेकणं हा शुद्ध आळस आहे.

मी नेहमी पाच गोष्टी लिहितो: रचनाकार, ओपस, क्रमांक, स्केल आणि पहिल्या दोन बारचा (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या खणांचा) फोटो. फोटो सर्वांत महत्त्वाचा. बाकी चार चुकल्या तरी तो चुकत नाही.

टॅबवरून बसवणे

टॅब म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिलेली पद्धत. टॅब पाहून बोट कुठे ठेवायचं ते कळतं, पण स्वर किती वेळ धरायचा आणि तो कुठल्या आवाजाचा, म्हणजे चालीचा की खर्जाचा आहे, हे साध्या टॅबमध्ये दिसत नाही. एट्यूडमध्ये तर सगळा खेळ तिथेच असतो. स्टाफ नोटेशनमध्ये वर जाणाऱ्या दांड्यांचे स्वर एका आवाजाचे आणि खाली जाणाऱ्यांचे दुसऱ्या आवाजाचे, हे डोळ्यांना लगेच दिसतं. कार्कासीचा ओपस ६०, क्रमांक ३ घ्या. वर चाल आहे, खाली आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक. टॅबवाले तो वाजवतात तेव्हा सगळे स्वर एकाच जोराने येतात आणि चाल कुठे गेली ते कळत नाही. ऐकणारा म्हणतो, "छान, स्वच्छ आहे." स्वच्छ आहे हो, पण या एट्यूडमध्ये अनामिकेने चाल उचलून धरायची आहे आणि बाकीच्या बोटांनी मागे राहायचं आहे. ते झालं नाही तर एट्यूड बसलाच नाही.

माझी सवय अशी: आधी फक्त वरची चाल वाजवायची, पण डाव्या हाताची बोटं आणि उजव्या हाताचं बोट शेवटी जे असणार तेच ठेवून. मग ती चाल गाऊन खालचा भाग वाजवायचा. गळा चांगला नसला तरी चालेल, गुणगुणलं तरी पुरे. गाता येत नसेल तर ती चाल अजून डोक्यात बसलेली नाही. त्यानंतर दोन्ही एकत्र, ठाय लयीत. हे करायला आठवडा जातो, आणि हा आठवडा वाचवण्यासाठी लोक व्हिडिओवर बोटं बघून नक्कल करतात. मग तीन महिन्यांनी तीच रचना पुन्हा पहिल्यापासून शिकतात.

वेग

छापलेला वेग हा मुक्कामाचा वेग असतो, निघतानाचा नव्हे. एट्यूडमधला सर्वांत अवघड बार ज्या वेगात न अडखळता वाजतो, तोच तुमचा आजचा वेग. सोपे बार जोरात आणि अवघड आला की ब्रेक, हे ऐकवत नाही.

ब्राझीलचा रचनाकार व्हिला-लोबोस याच्या १९२९ च्या बारा एट्यूडमधला पहिला तर नवशिक्यांचा लाडका. डावा हात एकच डिमिनिश्ड कॉर्डची आकृती एकेक फ्रेट खाली सरकवतो, ते बघायला सोपं वाटतं आणि ऐकायला भव्य. खरं काम उजव्या हाताचं आहे. मनगट ताठ करून दोन ओळी वाजवल्या की पुढे कोपरापर्यंत दुखायला लागतं. दुखलं की थांबायचं. कार्कासी, सोर नीट झाल्याशिवाय याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे, आणि यावरून मंडळी माझ्यावर रुसतात तर रुसू देत.

नखं

सोर नखांच्या विरोधात होता, त्याच काळातला गिटारवादक आग्वादो नखांनी वाजवायचा, आणि तरीही दोघे मित्र होते. तुम्ही काहीही निवडा, पण नेलकटरने तोडलेल्या खरबरीत कडेने वाजवू नका. बारीक कानस, मग अगदी बारीक सँडपेपर, रोज दोन मिनिटं. एवढंच.

रेकॉर्डिंग पाठवणे

पंखा बंद करा. हे दर वेळी सांगावं लागतं! फोन साउंडहोलसमोर (गिटारच्या गोल भोकासमोर) ठेवला की नुसता खर्ज घुमतो. तो हातभर लांब, बाराव्या फ्रेटच्या दिशेने ठेवा. व्हॉइस नोट पाठवू नका, ती बोलण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यात हळू आणि जोरात यांतला फरक उरत नाही आणि आम्हाला नेमका तोच ऐकायचा असतो. नव्या नायलॉन तारा काही दिवस उतरत राहतात, म्हणून त्या लावल्या दिवशी रेकॉर्ड करू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लाकूड ओल धरतं आणि तारांची उंची बदलते, त्यामुळे अचानक बारे (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) दाबला जात नसेल तर आधी गिटार तपासा.

एकच सलग टेक पाठवा. मध्ये चुकलात तर पुढे जा. "सॉरी, परत घेतो" म्हणत तोच बार चारदा वाजवलेला टेक ऐकून मला लय कळत नाही, तुम्ही कुठे घाबरता एवढंच कळतं. सोबत एक ओळ लिहा: "बार ९ ते १२ मध्ये बारे सुटतोय, ऐका." मग ऐकणाऱ्याला काम मिळतं.

ऐकणाऱ्यांच्या चुका

"वा, मस्त!" लिहून पळू नका. बार क्रमांक लिहा, काय ऐकू आलं ते लिहा. काका, दादा म्हणून मान द्यायचा तो द्या, पण ज्येष्ठांचा खर्ज कुजबुजत असेल तर तेही सांगा. त्यांना त्याची गरज तुमच्याइतकीच असते. एका वेळी एकच दोष सांगावा, फार तर दोन. बोटांची मांडणी बदलायला सांगत असाल तर तुमच्या प्रतीतल्या त्या ओळीचा फोटो जोडा, कारण सेगोव्हियाची बोटं आणि जुन्या छापील प्रतीतली बोटं बऱ्याचदा वेगळी असतात. अशा वेळी समोरच्याचं बोट चुकलेलं नसतं, त्याच्यासमोरचं पानच निराळं असतं.