टेराहर्ट्झ एसटीएम करताय? आधी या चुका टाळा

एसटीएम म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप: अणकुचीदार टिप आणि सॅम्पलमधली बारीक फट ओलांडून इलेक्ट्रॉन झिरपतात (हेच टनेलिंग), आणि टेराहर्ट्झ एसटीएममध्ये हा करंट टेराहर्ट्झ पल्सने हलवतात. लॉक-इनवर (ठरावीक फ्रीक्वेन्सीचा बारीक सिग्नल वेगळा काढणारं यंत्र) आकडा हलला की वाटतं झालं, टेराहर्ट्झ करंट मिळाला. मलाही तसंच वाटलेलं आणि तीन आठवडे मी ज्याला सिग्नल समजत होते तो निघाला चॉपरच्या (बीम ठरावीक वेगाने अडवणारी-सोडणारी फिरती चकती) मोटरचा हादरा, टेबलातून थेट टिपपर्यंत पोचलेला. चॉपर फिरता ठेवून बीमसमोर धातूचा तुकडा धरला तरी आकडा तसाच! त्यामुळे सगळ्यात आधी हे करून बघा, बाकी नंतर.

मुळात सिग्नल असतो केवढासा. पल्स म्हणजे पिकोसेकंदभराचा व्होल्टेजचा झटका, करंट मोठा करून दाखवणारा प्रीअँप त्याच्यापुढे फारच संथ, म्हणून आपल्या हाती येते फक्त सरासरी. दर पल्सला एक इलेक्ट्रॉन गेला तर १ मेगाहर्ट्झच्या लेझरवर ०.१६ पिकोअँपिअर होतात आणि १ किलोहर्ट्झवर त्याचाही हजारावा भाग, म्हणजे लेझर कुठला ते न सांगता नुसता करंट सांगून काहीच कळत नाही. आणि आय-व्ही कर्व्ह (व्होल्टेजनुसार करंट किती ते दाखवणारा) त्या रेंजमध्ये सरळ रेष असेल तर पल्सचा पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह भाग एकमेकांना खाऊन टाकतात, मग अलाइनमेंट कितीही करा, शून्यच. तेव्हा डीसी बायस (टिप आणि सॅम्पलमधलं स्थिर व्होल्टेज) बदलून कर्व्ह जिथे वाकतो तिथे जा.

सिग्नल दिसत नाही म्हणून पल्सचं फील्ड वाढवत सुटणं, ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. करंट मस्त वाढतो, पण ते टनेलिंग राहत नाही, फील्ड एमिशन होतं, म्हणजे जोरदार फील्ड इलेक्ट्रॉन ओढून बाहेर काढतं, आणि टिपचा शेंडा बदलतो तो वेगळाच. ओळखायचं कसं? टिप थोडी मागे घ्या. टनेलिंग असेल तर काही अँगस्ट्रॉममध्ये करंट कोसळतो, दहा-वीस नॅनोमीटर मागे नेल्यावरही टिकला तर अणूंची इमेज विसरा. २०१६ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या ग्रुपने पेंटासीन या सेंद्रिय पदार्थाच्या एकाच रेणूची हालचाल १०० फेमटोसेकंदांपेक्षा बारीक टिपली ती पल्सने एकेक इलेक्ट्रॉन काढून, ताकद लावून नाही. पल्सची पोलॅरिटी उलटी करूनही बघाच, खऱ्या सिग्नलचं प्लस-मायनस चिन्ह सहसा उलटतं, उष्णतेमुळे आलेल्याचं उलटत नाही.

उष्णतेवरून आठवलं, सोबत ऑप्टिकल पंप (सॅम्पलला उत्तेजित करणारा प्रकाशाचा पल्स) असेल तर पंप चॉप करू नका. टंगस्टनच्या टिपचा ०.१ मिलिमीटर भाग ०.१ अंशाने तापला तरी ती ४५ पिकोमीटर लांबते आणि तेवढ्यात करंट जवळपास तिप्पट होतो! त्यापेक्षा टेराहर्ट्झ बीम चॉप करा. फ्रीक्वेन्सी फीडबॅक लूपपेक्षा (करंट स्थिर ठेवायला टिप वर-खाली करणारी यंत्रणा) जास्त आणि प्रीअँपच्या बँडविड्थपेक्षा कमी ठेवा, नाहीतर फीडबॅकच टिप हलवून तुमचा सिग्नल पुसून टाकेल, आणि ५० हर्ट्झच्या, म्हणजे मेन्सच्या विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या, पटीत तर अजिबात नको.

शेवटचं, टेराहर्ट्झ पल्स मोजायला वापरतात त्या झिंक टेल्युराइडच्या क्रिस्टलमध्ये मोजलेला वेव्हफॉर्म टिपखालचा समजू नका. टिप अँटेनासारखी वागते, कमी फ्रीक्वेन्सी जास्त उचलते, फेजही बदलते. आणि मेन पल्सनंतर बराच वेळ बारीक लाटा दिसत राहिल्या तर सॅम्पलमध्ये काहीतरी सापडलं असं ठरवण्याआधी बीमच्या वाटेतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन सोडा, पाण्याची वाफ ०.५५७ टेराहर्ट्झला जोरदार शोषते.