राजीनामा लिहून दिलात, आता काय? नोकरदारांनी टाळायच्या चुका

पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत नेहमी घडणारा प्रकार. शुक्रवार, दुपारचे साडेचार. सहा वर्षं टेस्टिंग करणाऱ्या मुलीला एचआर केबिनमध्ये बोलावतात. "आजच राजीनामा दे, रिलिव्हिंग लेटर चांगलं मिळेल. नाहीतर टर्मिनेशन." ती घाबरते आणि समोरच्या लॅपटॉपवर 'वैयक्तिक कारणास्तव' असं टाइप करून पाठवते. सव्वापाचला लॅपटॉप जमा, मेल बंद, ओळखपत्र काढून घेतलेलं. सल्ला विचारायला ती येते तीन आठवड्यांनी, आणि तोवर कंपनीकडे तिच्याच शब्दांतला राजीनामा असतो, तिच्याकडे मात्र एकही कागद नसतो.

यातली सर्वांत महाग चूक म्हणजे ते तीन आठवडे. दबावाखाली सही झाली, हे समजू शकतं. पण त्यानंतर गप्प बसलात तर त्याचा अर्थ संमती असाच लावला जातो. केबिनमध्ये एवढंच म्हणा: "मला सोमवारपर्यंत वेळ द्या." तेही जमलं नाही, तर त्याच रात्री स्वतःच्या वैयक्तिक मेलवरून लिहा: "आज 4.30 वाजता अमुक यांनी टर्मिनेशनची भीती घालून माझ्याकडून राजीनामा घेतला. तो स्वेच्छेचा नाही, मी तो मागे घेत आहे." केबिनमध्ये कोण कोण होतं, त्यांची नावं टाका. दुसऱ्या दिवशी हेच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. राजीनामा अमलात येण्याआधी साधारणपणे मागे घेता येतो, म्हणून तासातासाला किंमत आहे. व्हॉट्सॲपवर मॅनेजरला "सर, प्लीज" लिहीत बसण्यात ते तास जातात.

दुसरी चूक: सगळे पुरावे ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये ठेवणं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझल, फॉर्म 16 मिळेल तसं लगेच स्वतःकडे उतरवून ठेवा. पण क्लायंटच्या फाइल्स किंवा कोड स्वतःला फॉरवर्ड करू नका. तेवढ्यावरच तुमच्यावर गैरवर्तनाचा ठपका येतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते. रेकॉर्डिंग केलं असेल तर मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. ते पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा संगणकीय ठसा) असते.

'मी मॅनेजर आहे, कामगार आयुक्तांकडे माझं काय काम?' हा समजही सोडा. तुम्ही कायद्याने कामगार ठरता का, यासाठी पदाचं नाव काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे पाहिलं जातं. इतरांच्या रजा मंजूर करता, की स्वतः कोड लिहिता? वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाताना रोजच्या कामाची यादी बरोबर न्या.

पैशाचा हिशेब तोंडी मान्य करू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यावर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. '45 दिवसांनी एफएनएफ' (म्हणजे शेवटचा पूर्ण हिशेब) हे जुनं उत्तर आता चालत नाही. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, 30 दिवसांची. वेतन 40,000 आणि नोकरी 6 वर्षं 7 महिने असेल, तर सात वर्षं धरा: 40,000 × 15 ÷ 26 × 7, म्हणजे सुमारे 1,61,538 रुपये. ठरावीक मुदतीच्या नोकरीत तर एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो.

पीएफ काढण्याआधी यूएएनवर (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या नोंदीत) नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का, ते पाहा.

मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवू नका, प्रती द्या.

'बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) म्हणजे रद्दी' हे ऐकून कोणी नोकरी सोडू नये. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. सही करण्याआधी रक्कम आणि प्रशिक्षणावरचा खर्च लेखी विचारा.

लैंगिक छळाच्या तक्रारीला घटनेपासून तीन महिने असतात, सबळ कारण असेल तर आणखी तीन. 'आधी प्रोजेक्ट संपू दे' म्हणत थांबू नका. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. जाताना नेमणूकपत्र, शेवटच्या तीन स्लिपा आणि त्या रात्रीच्या मेलची छापील प्रत घेऊन जा.