ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतावर सॅटेलाइट डिश बसवताना

अमेरिकेत गाडीमागे जोडून नेण्याच्या ट्रॅव्हल ट्रेलरवर सॅटेलाइट डिश बसवायची म्हटले की आपल्याकडच्या गच्चीवरची डीटीएच डिश डोळ्यांसमोर येते, आणि काम सोपे वाटू लागते. गच्ची मात्र काँक्रीटची असते आणि ती जागची हलत नाही. ट्रेलरचे छत म्हणजे लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या वाशांवर ठोकलेले पातळ प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेले जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे रबरी आच्छादन. तेही ताशी साठ-पासष्ट मैलांच्या वेगाने वारा आणि हादरे खात धावणारे. डिशची दिशा चुकली तर ती दहा मिनिटांत पुन्हा लावता येते. स्क्रूच्या भोकातून आत गेलेले पाणी मात्र प्लायवूड कुजवून झाल्यावरच आतल्या छतावर डागाच्या रूपाने दिसते, आणि तोवर दुरुस्तीचा खर्च डिशच्या किमतीच्या कितीतरी पट झालेला असतो. म्हणूनच या लेखात दिशा लावण्यापेक्षा भोक पाडणे आणि ते बंद करणे यालाच अधिक जागा दिली आहे.

डिश छतावर हवीच का, याचा विचार आधी करावा. ज्यांचे मुक्काम बहुतेक वेळा झाडीत असतात, म्हणजे वॉशिंग्टन-ओरेगनच्या किनाऱ्याकडच्या जंगलांत किंवा अ‍ॅपलेशियन डोंगरांत, त्यांनी छताला हात न लावता तिपाईवर ठेवण्याची डिश घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलर सावलीत उभा करायचा आणि डिश तीस-चाळीस फुटांवरच्या मोकळ्या जागेत ठेवायची, ही सोय छतावरच्या डिशला कधीच मिळत नाही. उलट अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोसारख्या उघड्या माळांवर फिरणाऱ्यांना, रोज मुक्काम बदलणाऱ्यांना, किंवा तिपाई मांडण्या-आवरण्याचे कष्ट ज्यांना झेपत नाहीत अशा वडीलधाऱ्यांना छतावरची डिशच योग्य. मागच्या शिडीला क्लॅम्पने डिश लावण्याचाही एक मार्ग आहे. पण शिडीच्या नळ्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि ट्रेलरचे मागचे टोक रस्त्यावर सर्वांत जास्त आपटते, त्यामुळे तिथे फार तर लहान आणि हलका घुमट, म्हणजे बंद झाकणातला अँटेना, लावावा.

कोणती डिश घ्यायची हे ज्या कंपनीची सेवा घेतली आहे तिच्यावर ठरते. डिश नेटवर्क या कंपनीचे पश्चिमेकडचे उपग्रह ११०, ११९ आणि १२९ अंश पश्चिम रेखांशांवर आहेत. पूर्वेकडच्या गटात ६१.५ आणि ७२.७ अंशांवरचे उपग्रह येतात. स्वतःच उपग्रह शोधणारे, बंद घुमटातले छोटे अँटेना या सेवेबरोबर चांगले चालतात आणि त्यांतले बरेचसे रिसीव्हरकडून येणाऱ्या केबलमधूनच वीज घेतात. डायरेक्टीव्ही या दुसऱ्या कंपनीच्या एचडी वाहिन्या मात्र ९९ आणि १०३ अंशांवरून वेगळ्या, अधिक उच्च वारंवारतेच्या पट्ट्यात येतात. लहान घुमटांना त्या पकडता येत नाहीत. त्यासाठी मोठी उघडी डिश लागते. डिश विकत घेण्यापूर्वी ती कोणत्या उपग्रहांसाठी आहे हे माहितीपत्रकात शोधावे, कारण देशाच्या कोणत्या भागात फिरणार यावरही बरेच अवलंबून असते. मेन राज्यातल्या बँगरहून १२९ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून अवघा १२ अंश वर असतो, म्हणजे शेजारचा ट्रेलरही आड येऊ शकतो, ६१.५ अंशांवरचा उपग्रह तिथून सुमारे ३८ अंशांवर दिसतो.

छतावरची जागा ठरवण्यासाठी हेच कोन उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, डेन्व्हरहून ११०, ११९ आणि १२९ अंशांवरचे उपग्रह अनुक्रमे सुमारे ४४, ४२ आणि ३८ अंश उंचीवर, दक्षिणेपासून नैऋत्येपर्यंतच्या पट्ट्यात असतात. ३८ अंशांच्या दृष्टिरेषेत एखादी वस्तू आड येऊ नये असे वाटत असेल, तर डिशच्या पातळीपेक्षा ती जितकी उंच आहे त्याच्या साधारण सव्वापट अंतर दोघांमध्ये असावे लागते. डिशपेक्षा ६० फूट उंच असलेल्या झाडापासून म्हणूनच ७५-८० फूट लांब राहावे लागते, आणि छतावरचा वातानुकूलन यंत्राचा डबा डिशच्या मध्यापेक्षा एक फूट उंच असेल तर त्याच्यापासून किमान सव्वा फूट. हे अंतर सर्व बाजूंनी राखावे, कारण ट्रेलर प्रत्येक मुक्कामी वेगळ्या दिशेला तोंड करून उभा राहणार आहे. उत्तरेकडच्या राज्यांत कोन आणखी खाली येतो, म्हणून जागा असेल तर दीडपट अंतर सोडणे शहाणपणाचे. छतावर सौर पॅनेल असतील किंवा पुढे बसवायचे मनात असेल, तर डिशची सावली त्यांच्यावर पडणार नाही हेही आताच पाहावे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही वीजनिर्मिती बरीच घटवते. लांबीच्या हिशेबात चाकांच्या वरचा भाग सर्वांत कमी उसळतो, त्यामुळे शक्य असेल तेव्हा डिश दोन्ही टोकांपासून दूर, मध्याकडे घ्यावी.

जागा मनाशी ठरली की लगेच ड्रिल उचलू नये. गाडी मुक्कामी उभी असताना डिश त्या जागेवर नुसती ठेवून, केबल खिडकीतून आत घेऊन एखादी संध्याकाळ टीव्ही लावून पाहावा. एसी आड येतो का, केबलची लांबी पुरते का, रिसीव्हर आणि अँटेना यांचे जुळते का, या सगळ्याची उत्तरे छताला एकही भोक न पाडता मिळतात. याच वेळी, सपाट जमिनीवर, डिश मिटलेल्या अवस्थेत तिच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंतची उंची मोजून घ्यावी. बहुतेक राज्यांत वाहनाच्या उंचीची मर्यादा साडेतेरा किंवा चौदा फूट असते, आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पार्कवेंवरचे पूल त्याहूनही पुष्कळ बुटके आहेत. मोजलेला आकडा गाडीत चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवावा. ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ असेलच असे नाही.

सर्वच ट्रेलरांची छते माणसाचे वजन पेलतील अशी नसतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते पाहावे, आणि असली तरी दोन वाशांवर आडवी टेकेल अशी प्लायवूडची फळी टाकून तिच्यावर बसून काम करावे. ओल्या रबरी छतावर पाय ठेवू नये. एकट्याने चढू नये. हत्यारे वर देणारा आणि शिडी धरणारा माणूस खाली हवाच. भोके पाडण्यापूर्वी बाहेरून येणारी वीज काढून टाकावी आणि बॅटरीही सोडवावी, कारण छताच्या पोकळीतून १२ आणि १२० व्होल्टच्या तारा जातात आणि अनेक ट्रेलरांत एसीच्या थंड हवेची नळीही तिथूनच गेलेली असते. उत्पादकाकडे मॉडेल आणि अनुक्रमांक कळवून छताच्या सांगाड्याचा नकाशा मागितला तर हे अंदाज करावे लागत नाहीत. नकाशा मिळाला नाही, तर आतल्या छतावर लोहचुंबक फिरवून स्क्रूंच्या ओळी शोधाव्यात आणि त्यांवरून वासे कुठे आहेत ते ठरवावे. ते बहुधा १६ किंवा २४ इंचांच्या अंतरावर असतात. डिशची बैठक दोन वाशांच्या मधेच येत असेल तर दोन्ही वाशांना पोचेल एवढी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आधी बसवावी आणि डिश तिच्यावर घ्यावी. नुसत्या पातळ प्लायवूडमध्ये गेलेला स्क्रू हादऱ्यांनी सैल होतो, आणि सैल स्क्रू हीच गळतीची सुरुवात.

आता मुख्य काम. छत कशाचे आहे हे आधी नक्की करावे: ईपीडीएम रबर, टीपीओ (प्लास्टिकसारखे लवचिक आच्छादन) की फायबरग्लास. सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाच्या, नळीवर ते कोणत्या छतासाठी चालते हे लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय नळी उघडू नये. ईपीडीएमला पेट्रोलजन्य द्रावके लावली की रबर फुगते, म्हणून सफाई साबणाच्या पाण्याने करून, पूर्ण वाळल्यावर, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. हवा कोरडी असावी आणि तापमान १० अंश सेल्सियसच्या वर असावे. थंडीत सीलंट पसरत नाही आणि नीट धरतही नाही. सिलिकॉन सीलंट अजिबात वापरू नये. ते रबरी छताला नीट चिकटत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा जो थर मागे उरतो त्यावर पुढे दुसरे कोणतेच सीलंट धरत नाही, त्यामुळे नंतरची प्रत्येक दुरुस्ती अवघड होऊन बसते.

बैठक जागेवर ठेवून भोकांच्या खुणा कराव्यात. स्क्रूच्या आतल्या दांड्यापेक्षा किंचित लहान व्यासाचे ड्रिल घेऊन, किती खोल जायचे आहे तिथे ड्रिलभोवती टेप गुंडाळावा, म्हणजे ते वाशापलीकडे जाऊन तारेला लागत नाही. बैठकीच्या संपूर्ण खालच्या बाजूला ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, लावावा आणि सांध्यात जराही फट ठेवू नये. प्रत्येक भोकात थोडे सीलंट भरून, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू हाताच्या स्क्रूड्रायव्हरने, समोरासमोरच्या जोड्या घेत, थोडे-थोडे आवळावेत. यांत्रिक ड्रायव्हरने स्क्रू जास्त फिरला तर लाकडातले आटे मोडतात आणि स्क्रूची पकडच जाते. कडेने ब्यूटाइल सगळीकडून सारखे बाहेर आले की थांबावे. ब्यूटाइल दाबाखाली हळूहळू पसरत राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा एकदा हलकेच आवळून, बाहेर आलेली कड प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढावी. त्यानंतर बैठकीची संपूर्ण कड आणि प्रत्येक स्क्रूचे डोके स्वतःहून सपाट पसरणाऱ्या लॅप सीलंटने झाकावे. स्क्रूचा चकाकता भाग कुठेही दिसता कामा नये. हे सीलंट उतारावर वाहते, म्हणून वळणदार कडेला किंवा उभ्या भिंतीवर न ओघळणाऱ्या प्रकारचे घ्यावे. वरचा थर लवकर धरतो, पण पूर्ण पक्के व्हायला काही आठवडे लागतात. तोवर त्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

केबल आत नेण्यासाठी शक्य असेल तर नवे भोक पाडूच नये. अनेक ट्रेलरांच्या छतावर कारखान्यातूनच डिशसाठी केबल काढून ठेवलेली असते, किंवा बाजूच्या भिंतीवर झाकणाखाली जोडणीची जागा असते. नवे भोक लागलेच, तर केबलसाठी मिळणारी झाकणाची वाटी तिचे तोंड ट्रेलरच्या मागच्या बाजूला करून बसवावी, म्हणजे धावताना पावसाचे पाणी आत दाबले जात नाही. आणि केबल आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथूनच टपकून जाते. वाटीखाली आणि कडेने वर सांगितल्याप्रमाणेच ब्यूटाइल आणि सीलंट लावावे. केबल आरजी-६ प्रकारची, शक्यतो पूर्ण तांब्याच्या गाभ्याची असावी, कारण तिच्यातूनच डिशला वीज जाते. घुमटाच्या अँटेनासाठी एकूण लांबी शक्यतो ५० फुटांच्या आत ठेवावी.

जोडणीच्या पेटीवर सहसा दोन तोंडे असतात, एक केबल टीव्हीचे आणि दुसरे सॅटेलाइटचे. डिश चुकून पहिल्याला जोडली जाते आणि मग तासन्‌तास दिशा शोधूनही काही मिळत नाही, कारण त्या वाटेवर साध्या टीव्ही अँटेनाचा अ‍ॅम्प्लिफायर किंवा विभाजक असतो आणि तो डिशची वीजही अडवतो, संकेतही. म्हणून डिश लावण्याआधी मल्टिमीटरने केबलचा गाभा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड आहे ना हे तपासावे, आणि मधे कोणताही विभाजक राहू देऊ नये.

स्वयंचलित घुमट असेल तर ट्रेलर आडवा-उभा समतल करून यंत्राला त्याचे काम करू द्यावे. शोध चालू असताना ट्रेलरमध्ये चालणे टाळावे. हाताने लावायच्या डिशसाठी दिगंश (उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा), उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) आणि डिशचा तिरकेपणा हे तीन आकडे लागतात, आणि रिसीव्हरच्या पडद्यावर पिन कोड, म्हणजे तिथला झिप कोड, दिला की ते मिळतात. डिशची दांडी पाणसळीने अगदी उभी करावी. ती कलली तर तिन्ही आकडे निरुपयोगी ठरतात. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते, म्हणून तो फरक वजा-बेरीज करून घ्यावा. डेन्व्हरहून ११९ अंशांच्या उपग्रहाचा खरा दिगंश सुमारे २०१ अंश आहे. तिथला चुंबकीय फरक सुमारे ८ अंश पूर्वेकडे असल्याने होकायंत्रावर तो १९३ च्या आसपास येतो. होकायंत्र वाचताना गाडी आणि ट्रेलर यांच्या लोखंडापासून दूर उभे राहावे. उन्नतांश आधी लावून घट्ट करावा आणि मग डिश आडवी, एका वेळी अंश-दोन अंश, हळूहळू फिरवत न्यावी. प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावे, कारण रिसीव्हरला संकेत ओळखायला तेवढा अवधी लागतो. संकेत सर्वांत तीव्र असेल तिथेच बोल्ट आवळावेत. सगळ्या वाहिन्या आल्या आणि स्थानिक बातम्याच आल्या नाहीत, तर डिशला दोष देऊ नये. स्थानिक वाहिन्या मर्यादित प्रदेशापुरत्याच प्रक्षेपित होतात; त्या हव्या असतील तर सेवा कंपनीला मुक्कामाचा पत्ता कळवून बदलून घ्यावा लागतो.

निघण्यापूर्वी उघडी डिश पूर्ण मिटली आहे हे खिडकीतून नव्हे, बाहेर येऊन डोळ्यांनी पाहावे. पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून बैठक हाताने हलवून पाहावी. त्यानंतर वर्षातून दोनदा, हिवाळ्याआधी आणि हिवाळ्यानंतर, छतावर जाऊन सीलंटच्या कडा नखाने तपासाव्यात. कुठे बारीक भेग किंवा सुटलेली कड दिसली तर जुने सीलंट सगळे खरवडत बसण्याची गरज नाही. सुटलेला भाग काढून, जागा स्वच्छ पुसून, त्याच प्रकारच्या सीलंटचा नवा थर त्यावर द्यावा.