बोटीच्या सीटचं रेक्झिन घरच्या घरी कसं बदलावं

आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, आली, बोटी वर ओढून शाकारल्या, की सीट सोडवून घरच्या पडवीत आणाव्यात. किनाऱ्यावर बसून हे काम करू नये. वाळूचे कण फोम आणि रेक्झिनमध्ये अडकले तर पुढचा अख्खा हंगाम आतून घासत राहतात.

सीट उलटी करून जुन्या पिना उपटा. कुठला तुकडा कुठला आणि पुढची बाजू कोणती, ते खडूनं लिहून मगच टाके उसवा. त्यावरूनच नवं बेतायचं, पण जुनं रेक्झिन उन्हानं आकसलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक माप प्लायवर ताडून बघा. प्लाय कुजला असेल तर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लायच घ्या. त्याला हाताचं बोट जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा, कडा आणि भोकं वार्निशनं दोनदा माखा.

रेक्झिन मरीन प्रतीचं घ्यावं. सोफ्याचं स्वस्त पडतं, पण खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हात लवकर तडकतं. दोरा पॉलिएस्टरचा, सुई १८ नंबरची, टाका लांब. सुती दोरा कुजतो, नायलॉनचा उन्हात जीर्ण होतो. पिना ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात. साध्या पिनांवर पैसे वाचवले तर सीटखाली गंजाचे ओघळ दिसतील. फोम खोळीपेक्षा प्रत्येक बाजूनं थोडा मोठा कापा, म्हणजे खोळ भरून बसते.

फोमला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा म्हणजे पाणी लागणार नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. शिलाईच्या भोकांतून पाणी शिरणारच. पिशवी ते आत कोंडून ठेवते आणि पावसाळ्यात सीटला कुबट वास सुटतो. पाणी आत येऊ द्या, खालच्या भोकांतून जाऊ द्या.

शिलाई येत नसेल तर मापं देऊन टेलरकडून करून घ्या. त्यात कमीपणा नाही. खोळ ताणून ठोकायचं काम मात्र स्वतःच करा, कारण सगळं तिथेच बिघडतं.

माझी पहिली सीट मी एका कोपऱ्यापासून सुरू केली आणि गोधडीला टाके घालावेत तसा कडेकडेनं पिना मारत निघालो. चौथ्या कोपऱ्याशी पोचलो तेव्हा चार बोटं रेक्झिन शिल्लक आणि वरची पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल कड, सापासारखी वळलेली. सगळ्या पिना पेचकसानं एकेक करून काढल्या. रेक्झिनला पडलेली भोकं मात्र राहिली.

आता मी आधी खोळ अर्धा तास उन्हात ठेवतो. तापलेलं रेक्झिन मऊ होतं, हाताला ऐकतं आणि गार झाल्यावर ताठ बसतं. हेअर ड्रायर चालतो, पण दूर धरा. जवळ नेलात तर चकाकीचा डाग पडतो, आणि तो कशानं जात नाही. मग सीट उपडी ठेवून प्लायवर गुडघा दाबायचा आणि चारही बाजूंच्या बरोबर मध्ये एकेक पीन मारायची, तीही अर्धवट, उपटता येईल अशी. सीट उलटवून पायपिंग बघायची. सरळ असेल तरच पुढे जायचं, नसेल तर काढून परत. त्यानंतर समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं, मध्यापासून कोपऱ्याकडे सरकत जा. कोपऱ्याच्या तीन बोटं अलीकडे थांबा, कितीही मोह झाला तरी.

कोपरे शेवटी. टोक तिरकं, सीटच्या मध्याकडे ओढून एक पीन. दोन्हीकडे उरलेल्या रेक्झिनच्या बारीक चुण्या घाला, एकाच जाड घडीत कोंबू नका, तिथे पीन आत जात नाही. आता अर्धवट पिना पूर्ण ठोका. जास्तीचं रेक्झिन कापताना पिनांपासून बोटभर सोडून कापा.

खाली जाळीचं कापड लावा, सीट जागेवर कसा. डाग पडला तर साबणाचं पाणी पुरतं, ब्लीच अजिबात नको.